देवणीची गाठ

टँकरच्या पाइपाखाली घागर नीट लागावी म्हणून मन्मथ वाकला, आणि शर्टाच्या आत, छातीवर, काहीतरी तटकन तुटलं. आवाज झाला असेल नसेल; खाडगाव रोडवरच्या त्या गर्दीत, कळश्या-बादल्यांच्या त्या खडखडाटात तो ऐकू येणार तरी कुणाला. पण त्याला तो आतून कळला. हात आपसूक छातीकडे गेला, घागर कलंडली, आणि मागच्या बाईनं त्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका. "ओ सर, सांडून राहिलंय की पानी! डोळे घरी ठेवून आलात व्हय?" लातुरात त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा सांडलेल्या पाण्यासाठी कॉलेजातल्या प्राध्यापकानंही बोलणी खावीत यात काही वावगं नव्हतं. मन्मथनं ती खाल्ली. बोटांना चांदीची डबी लागली, जिथल्या तिथं. डबीत इष्टलिंग. लिंगायताच्या घरात पोर जन्मलं की चार दिवसांत गळ्यात बांधतात आणि मग जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं, ते. ज्या दोऱ्यात ती डबी ओवलेली असते त्या शिवदोऱ्याचा एक पदर तुटून लोंबत होता. डबी मात्र तसूभरही खाली सरकली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं घागर उतरवली आणि अव्वाला, म्हणजे आईला, दोरा दाखवला. शरणम्मा दारातच ज्वारी निवडत बसली होती. तिनं तुटलेला पदर दोन बोटांत धरला, मांजराचं पोर उचलावं तसा, आणि सोडून दिला. "तुटला तर तुटू दे. तीन पदर असतेत. एक तुटला म्हनून देव काय खाली पडतो का? आपली उदगीरकडची गाठ हाय ही मन्मथा, एकेक पदराला येगळी अडकवलेली. समदे तुटल्याबिगर सुटायची न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा ज्वारीतले खडे वेचायला लागली. मन्मथ मात्र तिथंच, ओल्या बाह्यांनी, उंबऱ्यात उभा राहिला. समदे तुटल्याबिगर सुटायची न्हाई.  हीच गाठ, पदर न पदर हीच, त्यानं आणखी एका ठिकाणी पाहिली होती. ती आता इथं नव्हती. ती डोक्यावर, ढग ज्या उंचीवर असायला हवे होते त्याच्याही कितीतरी वर, पृथ्वीभोवती गरागरा फिरत होती.

"अव्वा, मी निघतो," तो म्हणाला. "आरं, जेवून तरी जा की," अव्वा म्हणाली. तो जेवला नाही. आदल्या दिवशी आला होता, दोन दिवस पाणी भरून द्यायचं ठरवून आला होता, आणि एका तुटल्या दोऱ्यावर परत निघाला. अव्वाला वाटलं, पोरगं देवाच्या धाकानं पळून राहिलंय. तिनं त्याला थांबवून नवा शिवदोरा बांधून दिला, तेवढ्यापुरता तो थांबला. तिची बोटं मानेशी चालत होती. एक वेढा, त्याला अडकवण. दुसरा वेढा, त्याला अडकवण. आणि मन्मथ डोळे मिटून प्रत्येक वेढा मोजत होता.

नांदेडची एसटी चाकूरवरून जाते, अहमदपूर, लोहा करत. खिडकीतून गरम वारा आणि माती. मन्मथला खिडकीची जागा मिळाली होती आणि त्याचा काही उपयोग नव्हता, बाहेर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेतं भाजून काढल्यासारखी, झाडं नुसती उभी. त्यानं खिशातून मोबाइल काढला. त्याच्या विद्यार्थिनीचा, उमादेवीचा, नंबर समोर आला. एक बटण दाबलं की झालं असतं. त्यानं मोबाइल परत खिशात घातला. असं तो चाकूर येईपर्यंत किती वेळा करणार होता कुणास ठाऊक. सांगायचं तरी काय? की बाई गं, तू बांधलेली गाठ फार चांगली आहे, म्हणूनच आपली देवणी मुकी झालीय?

देवणी म्हणजे उपग्रह. हातात मावेल एवढा, चौकोनी, आणि खरं सांगायचं तर दिसायला फारसा देखणा नाही. सगळ्या बाजूंनी सूर्यावर चालणाऱ्या काळ्या पट्ट्या आणि मधून मधून पांढरं ॲल्युमिनियम, त्यामुळं पहिल्यांदा जोडून टेबलावर ठेवला तेव्हा तक्षशीला म्हणाली होती, "अगं माय, ही तर देवणी गाय." तक्षशीला भोकरची. वडील वीज मंडळात वायरमन, घरात बुद्धाची तसबीर आणि रेडिओचा सगळा सांगाडा एकाच फळीवर. रेडिओचं काम तिचं. नाव ठरवायला मुलांनी आधी संस्कृत शब्दांची मोठी यादी केली होती, पण त्या दिवसापासून कुणी ती नावं काढली नाहीत. काळी-पांढरी, कष्टाला दांडगी, थोडक्यात भागवून घेणारी. देवणीच. तिच्या पोटात दोन नव्या गोष्टी पारखायच्या होत्या. एक म्हणजे बाजारात मिळणाऱ्या साध्या मोबाइलच्या चिप अवकाशातल्या किरणांच्या माऱ्यात किती टिकतात. आणि दुसरी, एक कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ शीड. काम संपलं की ते उलगडायचं, म्हणजे वरच्या विरळ हवेचाही त्याला अडसर होऊन उपग्रह हळूहळू खाली येऊन जळून जाईल, वर कचरा म्हणून फिरत राहणार नाही. मोठमोठ्या देशांत या गोष्टींवर पैसा ओततात. इथं नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी त्या केल्या होत्या, आणि त्या दुष्काळात केल्या होत्या, हे मन्मथला आजही आठवलं की अंगावर काटा यायचा.

कारण ते दिवसच तसे होते. गोदावरीचं पात्र उघडं पडलेलं, होस्टेलची मेस बंद, पोरांना घरी जा म्हणून नोटीस लागलेली. ही दहा-बारा पोरं गेली नाहीत. उपग्रह जोडायचा तर धूळ नको, आणि मराठवाड्यात त्या वर्षी धुळीशिवाय दुसरं काय होतं? प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात त्यांनी प्लॅस्टिकचा तंबू उभा केला, आत जाताना डोक्याला टोप्या, हातमोजे, आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. पुसायला पाणी कुठलं? आपल्या वाट्याच्या पिण्याच्या जारमधलं. एका संध्याकाळी मन्मथनं उमादेवीला पाहिलं होतं, ती आपल्या बाटलीतून फडकं भिजवत होती आणि ओठ कोरडे पडलेले. "अगं, पी की आधी," तो म्हणाला. "तिला धूळ चालत न्हाई सर, मला चालती," ती म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघता फरशी पुसायला बसली. त्या वेळी मन्मथला जे वाटलं त्याला काय म्हणावं, कौतुक म्हणावं तर शब्द तोकडा पडतो. वीस वर्षं त्यानं शिकवलं होतं, मुलं पास झाली, नोकऱ्यांना लागली, पुण्याला गेली. आपण शिकवलेलं कुणी असं जीव लावून वापरताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

"उदगीर जिल्हा झालाच पायजे," शेजारी बसलेला म्हातारा अचानक म्हणाला. फेटा, हातात कापडी पिशवी. नाव केरबा असं त्यानं न विचारताच सांगितलं होतं. पुढच्या सीटवरचा माणूस म्हणत होता की जिल्हा करून काय पाणी येतंय का, आणि दोघांची चांगलीच जुंपली होती. मन्मथच्या मनात मात्र जुना एक दिवस येऊन बसला. लातूर जिल्हा झाला तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गुरुपादप्पांनी, दुकानासमोर पेढे वाटले होते. "आता कलेक्टर आपल्या दारात!" म्हणत प्रत्येकाच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घालत होते. छोट्या मन्मथनं दारात जाऊन बघितलं होतं, कलेक्टर कुठं दिसतो का. तेव्हा अप्पांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले होते, आपल्यातलं कुनी तरी मोठं झालं पायजे, मग बाकीच्यांचं आपोआप होतंय. अप्पांच्या या बोलण्यावर तो मोठेपणी हसायचा. पण देवणी उडाली त्या सकाळी, रॉकेटमधल्या मोठ्या उपग्रहाच्या कुशीला चिकटून आपला हा चौकोनी डबा वर गेला तेव्हा, टीव्हीसमोर पोरांच्या घोळक्यात उभा असताना, त्याला अप्पांच्या हातातला तो पेढा तोंडात असल्यासारखा गोड लागला होता.

आणि मग काहीच नाही. वर जाऊन रॉकेटपासून सुटल्यावर देवणीनं आपला ॲन्टेना उघडायचा होता. मोजायच्या साध्या टेपमध्ये स्टीलची पट्टी असते तशी पट्टी अंगाभोवती गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून ठेवलेली. दोऱ्याला टेकून एक बारीक तार. ती तापली की दोरा वितळून तुटायचा, पट्टी आपल्या आपण ताठ व्हायची, आणि देवणी बोलायला लागायची. पहिल्यांदा नांदेडवरून गेली तेव्हा छतावर सगळे जमले होते. तक्षशीलानं कानाला हेडफोन लावला, हात वर केला. सगळे गप्प. खरखर. तिनं हात खाली घेतला नाही, देवणी क्षितिजाखाली गेली तरी घेतला नाही. मग दुसरा दिवस, तिसरा. उद्या बोलेल, रात्री बोलेल. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून समजूत घातली, की रॉकेटच्या धक्क्यात एखादा भाग सुटला असेल, तुमचा काही दोष नाही, एवढं केलंत हेच खूप. पोरांनी माना डोलावल्या. उमादेवी खाली बघत होती. त्यानंतरही ती रोज छतावर जाऊन बसायची, आणि मन्मथ घरी जाता जाता जिन्याच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबून तिच्या पाठीकडं बघायचा.

अहमदपूर आलं. चहाला गाडी थांबली, तो उतरला नाही. आता तो त्या दिवसापाशी आला होता जो दिवस टाळत तो इथवर आला. थरथरणाऱ्या टेबलाचा दिवस. रॉकेट उडताना जसे हादरे बसतात तसे हादरे देणारं यंत्र. त्यावर ठेवून देवणी तपासायची. पहिल्या वेळी दोरा सैल झाला, पट्टी तिथंच फटकन उघडली. दुसऱ्या वेळी परत तेच. देवणी रॉकेटवाल्यांच्या हवाली करायची तारीख डोक्यावर आलेली. तिसऱ्या वेळी उमादेवीनं हातमोजे चढवले, भिंगाखाली दोरा घेतला आणि तीन पदरांची एक गाठ घातली. एक वेढा, त्याला अडकवण. दुसरा वेढा, त्याला अडकवण. यंत्र सुरू झालं, देवणी टेबलावर थरथरली, आणि गाठ तसूभर हलली नाही. टाळ्या वाजल्या. मन्मथ भिंगावर वाकला होता. त्यानं गाठ पाहिली, आणि ओळखली! ती त्याच्या छातीवर होती, अव्वाच्या छातीवर होती, अप्पांना समाधी दिली तेव्हा त्यांच्याबरोबर गेली होती. उमादेवीही उदगीरकडची, तिच्याही गळ्यात तोच शिवदोरा. तिनं वर पाहिलं, दोघांचीही नजर एक क्षण मिळाली, आणि आपलं माणूस परमुलखात भेटल्यासारखं त्याला झालं. "शाब्बास," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. गाठ सुटत नाही हे त्यांनी तपासलं होतं. हवी तेव्हा ती सुटते का, हे मात्र नवी गाठ घातल्यावर कुणी तपासलं नाही. वेळ नव्हता, हे खरं. पण वेळ असता तरी, मन्मथ मनाशी म्हणाला, मी तपासायला लावलं असतं का? ती गाठ सुटायची कल्पना तरी माझ्या डोक्यात आली असती का? शिवदोऱ्याची गाठ सुटावी असा विचार कुठला लिंगायत करील! तारेनं पहिला पदर वितळवला असणार, आणि बाकीचे दोन, अव्वा म्हणाली तसे, देवाला खाली पडू न देता धरून बसले असणार.

"तुमी काय करता?" केरबानं विचारलं. जिल्ह्याचं भांडण मिटलं होतं. मन्मथनं सांगितलं, आणि का कुणास ठाऊक, देवणीचंही सांगितलं. म्हातारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजी आपली जनावरं छावणीत, आन् एक वर गेलंय म्हना की. तिथं चारा-पानी?" मन्मथ हसला, त्या दिवसातलं पहिलं हसू. "उन्हावर जगते ती." "मंग हितंच बरी हुती," केरबा म्हणाला, "ऊन हितं काय कमी हाय व्हय." आणि डोळे मिटून घेतले.

लोहा गेलं, नांदेड जवळ आलं आणि मन्मथचा निर्णय झाला. तो बरोबर की चूक हे बघायच्या फंदात तो पडला नाही, कारण त्याला आता फक्त त्या पोरीचा चेहरा दिसत होता. बोलावं तर लागणारच होतं. बोलल्याशिवाय उरलेले पदर जाळायचा हुकूम वर पाठवता येत नव्हता, आणि देवणी अशीच मुकी फिरून फिरून एक दिवस जळून गेली असती. पण बोललं की लोक काय म्हणतील, तेही त्याला ऐकू येत होतं. अवकाशात जाऊन पोरीनं देवाची गाठ घातली म्हणे. हसतील. तिला पुढं जिथं जाईल तिथं ते हसू पुरेल. त्यापेक्षा गाठ मी बांधली म्हणून सांगायचं. देवणी द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तंबूत गेलो, दोरा सैल वाटला, मी परत बांधला. कुणी पाहिलं नाही. माझं काय जायचंय, मी चाळिशी उलटलेला मास्तर. हे ठरलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की स्टँडवर उतरल्यावर तो रिक्षासाठी चक्क पळाला.

छतावर ऊन अजून चटके देत होतं. पत्र्याच्या शेडखाली टेबल, टेबलावर रेडिओ, तक्षशीला. आणि तिच्याशेजारी उमादेवी, गुडघ्यावर वही, वहीत काही न लिहिता बसलेली. संध्याकाळी देवणी अगदी डोक्यावरून जाणार होती. मिटल्या ॲन्टेनानं तिला थोडंफार ऐकू येईल तर ते तेव्हाच. आणखी दोन-तीन मुलं सावलीत आडवी झाली होती. मन्मथनं धापा टाकत सगळं सांगून टाकलं, पाठ केलेलं. गाठ मी बांधली, तीन वेढ्यांची, वर एकच पदर तुटला असणार, आता तार सलग बराच वेळ तापत ठेवा असा हुकूम पाठवा, तिन्ही जळतील. मुलं उठून बसली. कुणीतरी म्हणालं, सर, म्हणजे ती जिवंत आहे? तक्षशीलानं लगेच हुकूम लिहायला घेतला.  उमादेवी मन्मथकडं बघत होती, आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"खोटं बोलून राहिलात सर," ती म्हणाली.

"उमादेवी, ऐक..."

"काय ऐकू? गाठ माझी हाय. मी घातली. थरथरत्या टेबलावर दोनदा सुटली तवा समदे डोकं धरून बसले हुते, आन् मी घातली. तुमी कवा घातली? तुमचा हात तरी मावतो का त्या फटीत?" तिचा आवाज चढला होता. मुलं एकमेकांकडं बघायला लागली.  "तक्षे, तो हुकूम थांबव," उमादेवी म्हणाली. "सलग तापवलं तर काय हुईल, सरांना काय ठाव. त्यांनी बांधलीच न्हाई."

मग तिनं शेडमधल्या कपाटातनं देवणीचं दुसरं भावंड काढलं. जमिनीवर तपासायला ठेवलेला तसाच चौकोनी सांगाडा, तशीच पट्टी, तशीच तार. भर उन्हाच्या त्या झळीत ती खाली मांडी घालून बसली आणि दोरा घेतला. मन्मथ तिच्या बोटांकडं बघत राहिला, आणि त्याला वाटलं, आपण सकाळपासून ही गाठ नुसती मोजत होतो, ही पोरगी ती जगतेय. तिनं बांधून झाल्यावर तार सलग तापवली, मन्मथनं सांगितली तशी. पहिला पदर तुटला. तार लाल झाली, मग पांढरी झाली, आणि चर्र करून तीच तुटली. दोन पदर तसेच, पट्टी तशीच मिटलेली.  देवणीवर हे झालं असतं तर तार गेली, म्हणजे सगळं गेलं. मग जगातलं कुणी तिला उघडू शकलं नसतं. मन्मथनं वाकून तुटलेली तार बघितली. त्याच्या त्या एका चांगुलपणाच्या खोट्यानं देवणीचा जीव घेतला असता, अगदी आत्ता, पोरांच्या टाळ्यांमध्ये.

"आता माझं बघा," उमादेवी म्हणाली. नवी तार बसवली, पुन्हा बांधलं. "पहिला तुटला की दुसरा पदर लगेच तारेवर येत न्हाई. ताण हाय त्याच्यात, हळूहळू सरकतो. थोडं तापवायचं, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं. मग परत. मी प्रत्येक वेढा आतल्या बाजूला ओढून घातलाय, मला माहीत हाय ना." थोडं तापवलं, थांबली. परत तापवलं, थांबली. तिसऱ्यांदा तार लाल झाली न झाली तोच खट् आवाज झाला आणि स्टीलची पट्टी सटकन सरळ उभी राहिली, उन्हात थरथरत. एक पोरगा ओरडला. तक्षशीलानं तोंडावर हात ठेवला. उमादेवीनं फक्त मान वळवून विचारलं, "लिहिलंस का गं? तीन वेळा, आन् मधी थांबा. वर पहिला तुटलेलाच हाय, तरी तीनच लिही, एखादा चुकला तर."

संध्याकाळी हुकूम गेला. तक्षशीलानं तो देवणी डोक्यावर असताना पुन्हा पुन्हा पाठवला, आवाज घोगरा होईपर्यंत आकडे म्हणत. वरून काहीच आलं नाही, आणि येणारही नव्हतं. तापायला, थांबायला वेळ लागतो, तोवर ती कुठल्या तरी समुद्रावर गेलेली असणार. आता सकाळी परत येईल तेव्हाच कळायचं. मुलं पांगली. मन्मथ घरी गेला, बायकोनं अव्वा कशी आहे विचारलं त्याला तो बरी आहे म्हणाला, आणि पंख्याखाली पडून त्यानं उजाडायची वाट पाहिली. आपण त्या पोरीला काय समजलो, हा विचार त्याला झोपू देईना. गळून पडणारी समजलो. तिच्या गाठीपेक्षा तिचीच काळजी जास्त केली, आणि हीच काळजी देवणीच्या जिवावर बेतली असती.

सकाळी तो छतावर पोचला तेव्हा तक्षशीला हेडफोन लावून बसलेली आणि उमादेवी पडद्यासमोर. पूर्वेकडं आकाश नुसतं पांढरं, एक ढग नाही. वेळ झाली. खरखर. मग खरखरीच्या आतून काहीतरी, इतकं बारीक की मन्मथला वाटलं आपल्याच कानात वाजतंय. टूं, टूं टूं. तक्षशीलानं हेडफोन भिरकावून स्पीकर लावला. टूं टूं, टूं. लयीत. "हंबरली!" ती किंचाळली, "उमे, हंबरली गं!" जिन्यावरून पोरं धावत आली, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं, कुणी नुसतंच नाचायला लागलं, एकानं पाण्याचा जार डोक्यावर ओतून घेतला आणि त्याबद्दल त्याला शिव्याही पडल्या. मन्मथच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यानं ते पुसलं नाही. आनंद म्हणजे असा असतो काय, असं त्याला मोठ्यानं कुणालातरी विचारावंसं वाटलं. उमादेवी एकटी जागेवरून उठली नव्हती. पडद्यावर आकडे उतरत होते, देवणीच्या बॅटरीचे, चिपचे, तापमानाचे, एकामागून एक. ती ओठ हलवत ते वाचत होती आणि तिचे दोन्ही गाल ओले होते.

तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.  मग तीच म्हणाली, पडद्याकडं बघतच, "सर, काल तुमी खोटं कामून बोललात?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.  "लोक हसले असते तुला."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मंग मला इचारायचं हुतं की."

   मन्मथला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या बरोबरीनं इतकी माया दाटून आली की आपला हात कुठं ठेवावा ते कळेना. खिशात मोबाइल वाजायला लागला. प्राचार्य होते. खालपर्यंत आरडाओरडा पोचला होता, त्यांचा आवाज फुलला होता. वर्तमानपत्रवाले येताहेत, ते म्हणाले, काय सांगू त्यांना? रॉकेटच्या धक्क्यानं अडचण आली होती आणि आपल्या मुलांनी ती दूर केली, असंच ना? की आणखी काही?

मन्मथनं मोबाइलवर तळवा ठेवला.

"उमादेवी," तो म्हणाला, "काय सांगू?"

तिनं पडद्यावरची नजर न काढता मोबाइलसाठी हात पुढं केला.